डिम. म्हणजे नेमकं काय? संगीतातली आणि बाहेरची लघुरूपं वाचण्याची रीत

वाद्यवृंदाच्या पहिल्याच तालमीत माझ्या कागदावर, चौथ्या ओळीखाली, बारीक तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं : डिम. आणि पुढे एक टिंब. तोवर मी कीबोर्डवर गाण्यांना साथ करत आले होते, कॉर्डचे (एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीचे) तक्ते वाचून. त्या तक्त्यांवर डिम म्हणजे डिमिनिश्ड कॉर्ड. त्यामुळे ती जागा आल्यावर मी हाताला सापडली ती डिमिनिश्ड कॉर्ड दाबली, आणि चुकल्यासारखं वाटायला नको म्हणून जरा ठासूनच दाबली. नेमके त्याच क्षणी बाकीचे सगळे हळू होत चालले होते. या कागदावरचं डिम. म्हणजे दिमिनुएन्दो : आवाज हळूहळू कमी करा. संचालकांनी काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

त्याच आठवड्यात ‘एम. डी.’ दिसलं. म्हटलं, म्युझिक डायरेक्टरकडे बघायचं असणार. बघत बसले. तो सूर उजव्या हाताने वाजवायचा होता, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पानाच्या तळाशी ‘व्ही. एस.’ होतं, ते मी ‘विरुद्ध’ असं वाचलं आणि कशाच्या विरुद्ध याचा विचार करेपर्यंत पान उलटायची वेळ निघून गेली. व्ही. एस. म्हणजे व्होल्ती सूबितो, ‘पान लगेच उलटा’!

मग मी लघुरूपांची एक मोठी यादी पाठ करायला घेतली. तीनशेच्या आसपास नोंदी होत्या. पाठ झाल्यावरही चुका तेवढ्याच, कारण तीच अक्षरं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी वेगळ्या अर्थाने येत होती. यादी उपयोगाची असते, पण नंतर. आधी हवी ती वाचायची रीत. ती मला ज्या क्रमाने उमगली त्याच क्रमाने खाली देते.

एक सोय सांगून ठेवते. इथे मी सगळं देवनागरीत लिहिलंय. तुमच्यासमोरच्या कागदावर ते रोमन अक्षरांत असेल. कॅपिटल आणि स्मॉल यांनी फरक पडतो तिथे तसं सांगेन.

जवळ काय ठेवायचं

- मऊ शिशाची पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. वाद्यवृंदाचे कागद बहुधा परत द्यायचे असतात.
- आपल्या भागाची एक छायाप्रत, मनसोक्त खुणा करायला.
- मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र. फोनमधला चालतो.
- छोटी वही, पानावर तीन रकाने आखलेली : अक्षरं जशी दिसली तशी, कुठे दिसली, अर्थ. मधला रकाना गाळायचा मोह होतो, आणि सगळं अडतं ते त्याच्याचपायी.
- छापील प्रतीची सुरुवातीची पानं. पुष्कळ प्रकाशक त्यांची लघुरूपं तिथेच उलगडून देतात आणि आपण ती पानं सोडून थेट पहिल्या सुरावर जातो.

१. आधी पान कुठल्या कामाचं आहे ते ठरवा

लघुरूपाचा फुल फॉर्म शोधायच्या आधी हातातला कागद काय आहे ते स्वतःला विचारा. बाळबोध वाटेल, पण ‘पी पी’ घ्या. स्वरलिपीत हे पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळू. पुस्तकाच्या संदर्भसूचीत हेच दोन पी म्हणजे ‘पृष्ठं’. आणि पत्राखालच्या सहीशेजारी असतील तर ‘च्या वतीने’, म्हणजे सही करणारा दुसऱ्या कुणाच्या अधिकाराने करतोय.

पहिल्या दोन्हीत अक्षर दुप्पट का झालं, त्याची कारणंही वेगळी आहेत. लॅटिन पद्धतीत अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहितात : एक पी म्हणजे पृष्ठ, दोन म्हणजे पृष्ठं. स्वरलिपीत मात्र दुप्पट म्हणजे ‘अधिकच’. पी हळू, पी पी फार हळू, तीन पी त्याहून हळू. चायकोव्हस्कीने १८९३ च्या आपल्या सहाव्या सिंफनीत एका ठिकाणी बासून या फुंकवाद्यासाठी सलग सहा पी लिहिले आहेत. बासूनला ते जमणं इतकं अवघड, की पुष्कळदा ती जागा बेस क्लॅरिनेटकडे देतात.

डी. सी.चंही तसंच. स्वरलिपीत ‘दा कापो’, शब्दशः डोक्यापासून, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाजवा. विजेच्या उपकरणावर ‘एका दिशेने वाहणारा प्रवाह’. कीबोर्डवाल्यांच्या टेबलावर हे दोन्ही डी. सी. वीतभर अंतरावर असतात : एक कागदावर, एक अडॅप्टरवर.

२. अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या

मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते. आपण पटकन देवनागरीत टिपतो, आणि देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही. वहीत ‘सी एम ७’ लिहिलं की अर्धा अर्थ गेलाच.

तक्त्यावर स्मॉल एम असेल तर ती मायनर सेव्हन्थ. सी हा सा धरला तर सूर येतात सा, कोमल ग, प, कोमल नि. कॅपिटल एम असेल तर मेजर सेव्हन्थ : सा, शुद्ध ग, प, शुद्ध नि. एम मुळीच नसेल, नुसतं सी ७ असेल, तर सा, शुद्ध ग, प, कोमल नि. तीन कॉर्ड, तीन वेगळ्या चवी, आणि वहीत सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून पहिल्या रकान्यात रोमन अक्षरच काढा. अक्षरशः चित्र काढल्यासारखं. टिंब असेल तर टिंब, खाली नागमोडी रेघ असेल तर ती रेघ.

संगीताबाहेर हा भेद आणखी महाग पडतो. वॅटच्या आधी स्मॉल एम म्हणजे वॅटचा हजारावा भाग, कॅपिटल एम म्हणजे दहा लाख वॅट. दोघांत एक अब्ज पटींचं अंतर आहे. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाइट, आणि आठ बिट मिळून एक बाइट. इंटरनेटचा वेग १०० मेगाबिट सांगितलेला असताना फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर उतरत नाही, याचं कारण हे. कुणी फसवलेलं नसतं.

३. भाषा ओळखा

स्वरलिपीतली बहुतेक लघुरूपं इटालियन. शास्त्र, कायदा, औषधं इथली जुनी लघुरूपं लॅटिन. संगीतकारांच्या कृतींच्या सूचीतली बरीचशी जर्मन. ध्वनिमुद्रणातली जवळजवळ सगळी इंग्रजी. म्हणून एम. डी.चा फुल फॉर्म इंग्रजीत शोधणं म्हणजे चुकीच्या गल्लीत घर शोधणं.

एम. डी. हे इटालियनमधे ‘मानो देस्त्रा’, फ्रेंचमधे ‘मँ द्रुआत’. दोन्हीकडे उजवा हात, नशीब आपलं. डावा हात मात्र इटालियनमधे एम. एस. आणि फ्रेंचमधे एम. जी. होतो. जर्मन प्रतीत आर. एच. आणि एल. एच. दिसतील, ते इंग्रजीशी जुळतात. आता हेच एम. एस. ग्रंथालयातल्या सूचीत भेटलं तर ते ‘हस्तलिखित’. पहिली पायरी विसरू नका.

जर्मन प्रतीतला एक खास सापळा आहे. जर्मन पद्धतीत बी म्हणजे आपण ज्याला बी फ्लॅट म्हणतो तो सूर, आणि आपल्या बीला ते एच म्हणतात. सी हा सा धरला तर त्यांचा बी कोमल नि आणि एच शुद्ध नि. याच सोयीमुळे बाखला आपल्या आडनावाची चार अक्षरं सुरांत लिहिता आली. मला मात्र एच हे अक्षर प्रथम दिसलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

आणि लघुरूपांची धास्ती वाटत असेल तर एवढं आठवा, की सारेगम ही लघुरूपांचीच माळ आहे. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद एवढे लांब शब्द कोण गाणार? पाश्चात्त्यांचं ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ही असंच आलं. अकराव्या शतकात ग्वीदो दारेझ्झो या भिक्षूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेतली, कारण त्या चालीत प्रत्येक ओळ आधीपेक्षा एक सूर वर सुरू होत होती. उतचं पुढे बहुतेक ठिकाणी ‘दो’ झालं.

४. पानावरची जागा पाहा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. माझं डिम. इथेच फसलं होतं. अक्षर स्टाफच्या (सूर लिहायच्या पाच आडव्या रेघांच्या) वर आहे की खाली, ठळक आहे की तिरकं, सुराला चिकटून आहे की ओळीच्या शेवटी, यावरून निम्मा अर्थ आधीच कळतो.

*स्टाफच्या खाली, तिरकी किंवा जाड वळणदार अक्षरं.* हा नादाच्या लहानमोठेपणाचा प्रांत. पियानोच्या प्रतीत ही अक्षरं दोन स्टाफच्या मधे असतात. गायकांच्या प्रतीत मात्र ती वर जातात, कारण खाली शब्द असतात. पी म्हणजे पियानो, हळू. एफ म्हणजे फोर्ते, जोरात. एम म्हणजे मेद्झो, मध्यम; तो एकटा येत नाही, एम पी किंवा एम एफ असा जोडीने येतो. क्रेश. म्हणजे आवाज वाढवत न्या, डिम. किंवा डेक्रेश. म्हणजे कमी करत न्या.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला ‘एफ पी’. नवख्याला वाटतं, जोरात अधिक हळू म्हणजे मधलं काहीतरी. तसं नाही. सुराची सुरुवात जोरात आणि लगेच हळू, एकाच सुरात. दुसरा, अक्षरं उलटी करून ‘पी एफ’. ब्राम्सच्या प्रतीत हे ‘पोको फोर्ते’, थोडंसं जोरात. आणि वाद्यांच्या यादीत असेल तर तेच पियानो या वाद्याचं नाव. एस एफ झेड दिसलं तर स्फोर्त्सान्दो : त्या एका सुरावर अचानक जोर. पुढचे सूर आधीच्याच आवाजात. अख्खी ओळ मोठी करायची नाही.

*स्टाफच्या वर, ठळक सरळ अक्षरं, ओळीच्या किंवा विभागाच्या सुरुवातीला.* ही लय. एम. एम. आणि पुढे आकडा म्हणजे ‘मेल्त्सेलचा मेट्रोनोम’, मिनिटाला इतके ठोके. ६० म्हणजे सेकंदाला एक. योहान मेल्त्सेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. आतल्या यंत्रणेची कल्पना ॲमस्टरडॅमच्या विंकेलची होती, पण लघुरूपात नाव राहिलं मेल्त्सेलचं. आज याच मोजणीला बी. पी. एम. म्हणतात. आकड्याआधी कुठल्या सुराचं चिन्ह आहे ते मात्र बघा. चिन्ह अर्ध्या लांबीच्या सुराचं (हाफ नोट) असताना तुम्ही पाव लांबीचा (क्वार्टर नोट) धरलात तर सगळा तुकडा निम्म्या लयीत जाईल, आणि बराच वेळ चूक लक्षातही येणार नाही.

लय बदलणारी लघुरूपं अधेमधे येतात. राल. म्हणजे रालेन्तान्दो आणि रिट. म्हणजे रितार्दान्दो, दोन्हींत लय हळूहळू संथ करायची. रितेन. म्हणजे रितेनूतो, यात लय तिथल्या तिथे रोखून धरायची. काही जुन्या प्रतींत यालाही नुसतं रिट.च लिहिलेलं असतं, मग संचालकांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही. अच्चेल. म्हणजे लय वाढवा. आणि ‘डिम.’ला लय कमी करू नका! आवाज कमी झाला की हात आपोआप रेंगाळतो. अनुभवी वादकही यात सापडतात.

*स्टाफच्या वर, पण बारीक सरळ अक्षरं, एखाद्या सुराशी.* हे हाताचं काम, म्हणजे वाजवायची तऱ्हा. पिझ. म्हणजे पित्सिकातो, तार बोटाने छेडा. आर्को म्हणजे पुन्हा गज घ्या. या दोघांची जोडी असते, पिझ. दिसलं की पुढे आर्को कुठे येतो ते आधीच शोधून ठेवा, कारण मधल्या विश्रामात गज सावरायला वेळ लागतो. कोन सोर्द. म्हणजे आवाज दबवणारा म्यूट लावून, सेन्झा सोर्द. म्हणजे तो काढून. डिव्ह. म्हणजे त्या गटातल्या वादकांनी दोन सूर वाटून घ्या, उनिस. म्हणजे पुन्हा सगळे एकच सूर. पियानोत पेड. म्हणजे उजवा पेडल दाबा, ताऱ्याचं चिन्ह आलं की सोडा. यू. सी. म्हणजे डावा पेडल; तो टी. सी. येईपर्यंत सोडायचा नाही.

आठाचा आकडा आणि पुढे व्ही ए, मग तुटक रेघ : ओत्तावा, एक सप्तक वर वाजवा. व्ही बी असेल तर खाली. पंधराचा आकडा असेल तर दोन सप्तकं वर. आठ दुणे सोळा मग पंधरा कसे? आपण सप्तक म्हणताना सात सूर मोजतो, वरचा सा पुढच्या सप्तकाचा. इटालियन मोजणीत वरचा साही धरतात, म्हणून आठ. दोन सप्तकं जोडली की मधला सा दोनदा मोजला जातो, तो एकदा वजा केला की पंधरा.

*तुकड्याच्या शेवटी, उजव्या टोकाला.* हे प्रवासाचे फलक. डी. सी. म्हणजे पहिल्यापासून. डी. एस. म्हणजे दाल सेन्यो, खुणेपासून. ती खूण म्हणजे तिरकी रेघ आणि दोन टिंबं असलेला एस. पुढे ‘आल फीने’ असेल तर जिथे फीने लिहिलंय तिथे थांबा. ‘आल कोदा’ असेल तर वर्तुळावर फुली असलेल्या चिन्हाशी पोचलात की उडी मारून शेवटच्या भागात जा. तालमीआधी हा प्रवास पेन्सिलीने आखून ठेवा. मी उड्यांना बाण काढते, कुरूप दिसतात, पण चालतात. पहिल्यापासून परत वाजवताना पुनरावृत्तीच्या खुणा बहुधा पाळत नाहीत. तरी खात्री करून घ्यावी, कारण वाद्यवृंदातल्या अर्ध्यांनी पाळल्या आणि अर्ध्यांनी नाही, तर होणारा गोंधळ ऐकवत नाही.

*मधेच सगळं रिकामं आणि वर जी. पी.* म्हणजे सगळ्यांचा एकत्र विश्राम. या शांततेत पान उलटू नका. सगळ्या सभागृहाला ऐकू जातं.

५. कृतीच्या नावापुढची अक्षरं आणि आकडे

कार्यक्रमपत्रिका वाचताना हे लागतं. ओप. म्हणजे ओपस, कृती. पुढचा आकडा साधारणपणे प्रकाशनाच्या क्रमाचा असतो. रचनेच्या क्रमाचा असेलच असं नाही. शोपँचा एफ मायनरमधला दुसरा पियानो कंचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ओपस २१ आहे आणि ई मायनरमधला पहिला ओपस ११, पण दुसरा आधी लिहिला गेला. बेटोव्हेनच्या नावापुढे डब्ल्यू ओ ओ दिसलं तर ‘ओपस क्रमांक नसलेली कृती’.

काही संगीतकारांच्या कृती नंतरच्या अभ्यासकांनी क्रमवार लावल्या, आणि लघुरूपात त्या अभ्यासकाचं किंवा सूचीचं नाव राहिलं. मोझार्टपुढचा के म्हणजे क्योखेल, त्याची सूची १८६२ ची आणि रचनेच्या काळानुसार. शुबर्टपुढचा डी म्हणजे ओटो एरिख डॉइच. व्हिव्हाल्डीपुढे आर. व्ही., हायडनपुढे होब. बाखपुढचं बी. डब्ल्यू. व्ही. १९५० च्या सूचीतलं आहे आणि ती लावलीय प्रकारानुसार. त्यामुळे त्यातला १ हा आकडा पहिली रचना दाखवत नाही, १ हे फक्त एका कंताताचं (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेचं) स्थान आहे.

क्योखेलच्या आकड्यांची एक गंमत : आकडा १०० च्या पुढचा असेल तर २५ ने भागा आणि १० मिळवा, मोझार्टचं त्या वेळचं वय साधारण मिळतं. त्याच्या शेवटच्या कृतीचा, रिक्विएमचा, आकडा ६२६. करून बघा, पस्तीस येतात, आणि पस्तिसाव्या वर्षीच तो गेला. पण हा हिशेब स्कारलात्तीच्या सोनाटांना लावू नका. त्यांच्यापुढचा के म्हणजे कर्कपॅट्रिक, दुसराच माणूस.

६. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत

इथे लघुरूपांचा पाऊस पडतो, पण कामाची थोडीच. ज्यांच्यामुळे माझी प्रत्यक्ष अडचण झाली तेवढीच सांगते.

मिडी. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची डिजिटल पद्धत, १९८३ पासूनची. मिडी फाइलमधे आवाज नसतो. कुठली पट्टी, किती जोरात, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढ्याच सूचना असतात. मी एकदा पियानोचं मुद्रण म्हणून मिडी फाइल पाठवली आणि समोरच्याला ती दुसऱ्याच कुठल्यातरी पिचक्या सुरात ऐकू आली. त्याच्या संगणकात जो आवाज होता तोच वाजणार. ऐकवायचं असेल तर डब्ल्यू. ए. व्ही. किंवा एम. पी. ३ पाठवा.

डी. बी., डेसिबल. डी स्मॉल, बी कॅपिटल, कारण तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा बी. डेसिबल हे गुणोत्तर आहे, म्हणून ‘कशाच्या तुलनेत’ हे ठाऊक असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. डिजिटल मुद्रणाच्या पडद्यावर सगळे आकडे ऋण दिसतात कारण शून्य हे तिथलं छत आहे. शून्याला टेकलात की आवाज फाटतो. उणे आकडे पाहून घाबरून आवाज वाढवत नेणारे नवखे मी पाहिलेत. एक तर आरशातच.

ए. डी. एस. आर. सिंथेसायझरवरचे चार खटके : अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. यातले तीन वेळ सांगतात आणि सस्टेन तेवढा पातळी सांगतो. चारही वेळच आहेत असं धरून चाललात तर सस्टेन कितीही फिरवा, सूर लांबणार नाही. तो लांबतो पट्टी दाबून ठेवली की.

टी. आर. एस. म्हणजे टिप, रिंग, स्लीव्ह, केबलच्या प्लगचे तीन भाग. प्लगवर दोन काळ्या कड्या दिसतात. टी. एस.वर एकच. केबल उचलताना कड्या मोजा, नावं आठवत बसू नका.

एल. पी. म्हणजे मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोड्या वर, नेमकं ३३ १/३ फेरे घेणारी, १९४८ पासूनची तबकडी, ई. पी. म्हणजे सिंगलपेक्षा मोठी आणि पूर्ण अल्बमपेक्षा छोटी. कॉर्डच्या तक्त्यावर एन. सी. म्हणजे तिथे कॉर्डच नाही, आणि सस म्हणजे सस्पेंडेड, सस्टेनशी त्याचं नातं नाही. गाण्याच्या नावात एफ. टी. म्हणजे पाहुणा कलाकार. मोजपट्टीवर तेच फूट.

७. संगीताबाहेर : चूक परवडत नाही तिथे तर्क करू नका

स्वरलिपीत चुकलं तर फार तर संचालक काठी खाली ठेवतात. औषधाच्या चिठ्ठीत तसं नाही. तिथली जुनी लघुरूपं लॅटिन आहेत : ओ. डी. दिवसातून एकदा, बी. डी. दोनदा, टी. डी. एस. तीनदा, ए. सी. जेवणाआधी, पी. सी. जेवणानंतर, एस. ओ. एस. गरज लागल्यास. आता गंमत, खरं तर काळजी, अशी की डोळ्यांच्या कागदावर ओ. डी. म्हणजे उजवा डोळा. एच. एस. कुणी ‘झोपताना’ म्हणून लिहितं, कुणी ‘अर्ध्या ताकदीचं’ म्हणून. युनिटसाठी लिहिलेला यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचा डोस दसपट होऊ शकतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये न वापरायच्या लघुरूपांची यादीच लावून दिली. त्यात हा यू आहे. म्हणून ही पायरी वाचून चिठ्ठी स्वतः उलगडू नका. औषध देणाऱ्याला किंवा डॉक्टरांना शब्दांत सांगायला लावा, आणि ते शब्दांतच लिहून घ्या.

लेखनातली लघुरूपं त्यामानाने निरुपद्रवी. ई. जी. म्हणजे ‘उदाहरणार्थ’, आय. ई. म्हणजे ‘म्हणजेच’. पहिल्यानंतर काही नमुने येतात, दुसऱ्यानंतर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत येते. एट अल. म्हणजे ‘आणि इतर लेखक’. इबिड. म्हणजे ‘वर दिलेल्याच ठिकाणी’. पी. एस. म्हणजे आपलं ता. क., ताजा कलम. आपलं लघुरूप अधिक देखणं आहे असं माझं मत.

आणि नंतर जुळवलेल्या फुल फॉर्मपासून जपा. संकटात पाठवायच्या एस. ओ. एस.चा ‘आमचे जीव वाचवा’ असा फुल फॉर्म सर्रास सांगतात. मुळात तो काही फुल फॉर्म नव्हताच. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ही मोर्सची खूण सहज ओळखू येते म्हणून १९०६ च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय करारात घेतली. शब्द मागाहून चिकटवले. फुल फॉर्म फारच चपखल आणि सुरेख वाटला तर एकदा कोशात बघावं.

८. अडलं तर काय विचारायचं

इतकं करूनही काही अक्षरं अडतात. संगीतकाराची स्वतःची सवय असते, प्रकाशकाची असते, आधीच्या वादकाने पेन्सिलीने केलेली खूण असते. आधीच्या वादकाने चष्म्याचं चित्र काढलेलं दिसलं तर ते ‘संचालकाकडे बघ’ असतं. ही खूण कुठल्या कोशात मिळायची नाही.

विचारताना फुल फॉर्म विचारू नका. ‘इथे मी हाताने काय वेगळं करू?’ असं विचारा. आमच्या तालमीत मी शेजारच्या चेलोवाल्यांना त्यांच्या कागदावरच्या ‘सुल पोन्त.’चा फुल फॉर्म विचारला होता. सुल पोन्तिचेल्लो, म्हणाले, घोडीवर. मला काही बोध झाला नाही. मग त्यांनी गज उचलला, तारांवर नेहमीच्या जागी एक सूर ओढला, गज सरकवत अगदी घोडीपाशी नेला आणि तोच सूर पुन्हा ओढला. आवाज काचेसारखा, कडा असलेला, जरा अंगावर काटा आणणारा. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात मी ‘काच’ एवढंच लिहिलं.